आपलं माणूस नागपूरच्या जेलमध्ये असताना : पत्र, फोन आणि मुलाखत

माझा दादा एकोणीस महिने जेलमध्ये होता, आधी नागपूर मध्यवर्ती कारागृहात, मग अमरावतीला. पहिला दीड महिना आम्ही घरचे नुसते पळत होतो. वकिलाकडे, कोर्टात, जेलच्या गेटवर. त्या पळापळीत त्याला एक ओळ लिहून पाठवावी हे कुणालाच सुचलं नाही. मग एका मुलाखतीत, म्हणजे जेलमधल्या भेटीत, तो म्हणाला, "बाकी पोरांची पत्रं येऊन राहिली. माझं नाव पुकारतच नाहीत." त्याच संध्याकाळी मी पोस्टातून दहा आंतर्देशीय पत्रं आणली. पुढे तो सुटेपर्यंत एक्काहत्तर पत्रं लिहिली.

आता आमच्या मानेवाड्यात किंवा ओळखीपाळखीत कुणाच्या घरी ही वेळ आली की मला फोन येतो. "ताई, आता काय करायचं?" दर वेळी तेच सांगते, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. कायद्याचं काम वकील करेल. तुम्ही आणि आत गेलेलं माणूस यांच्यामधला धागा तुटू नये, एवढ्यासाठी हे आहे.

पहिले आठ दिवस : एक वही करा

अटकेनंतर माणूस आधी पोलीस कोठडीत असतो. कोर्टाच्या आवारात सगळे त्याला पीसीआर म्हणतात. या दिवसांत पत्राचा उपयोग नाही. निरोप जायचा तो वकिलामार्फत. अटकेची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. न्यायालयीन कोठडी मिळाली, म्हणजे एमसीआर झाला, की माणूस जेलमध्ये जातो आणि तुमचं काम सुरू होतं.

शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर लिहा : वॉरंटवर, म्हणजे जेलमध्ये पाठवायच्या कोर्टाच्या कागदावर, जसं आहे तसं त्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक आणि वर्ष, कलमं, कोणतं कोर्ट, पुढची तारीख. जेलमधला बंदी क्रमांक, म्हणजे कैद्याचा नंबर, मिळाला की तोही. 'वॉरंटवर जसं आहे तसं' यावर माझा जोर आहे, कारण आमच्या वॉरंटवर आडनावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं पडलं होतं. ऑनलाइन मुलाखतीच्या अर्जात मी आधारवरचं नाव टाकत राहिले आणि दादा काही सापडेना. तीन आठवडे त्यातच गेले.

वकिलाकडून केसचा सीएनआर नंबर मागून घ्या. तो सोळा अंक-अक्षरांचा असतो. ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते फुकट दिसतं. पेशीची तारीख बऱ्याचदा आतल्या माणसाच्याही नीट लक्षात राहत नाही, आणि 'आपल्या केसचं काही चाललंय' एवढं कळलं तरी त्याची रात्र सरते. म्हणून माझ्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ पुढच्या तारखेची असायची.

वकील लावायची ऐपत नसेल तर हातपाय गाळू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या प्रत्येक माणसाला मोफत वकील मिळायचा हक्क आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे साधा अर्ज द्या किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

पत्राचा पत्ता

असा लिहा, एकाखाली एक :

बंदीचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह
बंदी क्रमांक, न्यायाधीन बंदी किंवा सिद्धदोष बंदी
मार्फत : मा. अधीक्षक
नागपूर मध्यवर्ती कारागृह
वर्धा रोड, नागपूर आणि पिनकोड

खटला चालू आहे तो न्यायाधीन, ज्याला लोक कच्चा कैदी म्हणतात. शिक्षा झाली तो सिद्धदोष, म्हणजे पक्का. बराक नंबर घालायची गरज नाही. बराक बदलत राहते, नाव आणि क्रमांक बदलत नाही. पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता पूर्ण घाला. निनावी पत्र अडकतं. माणसाची बदली झाली असेल तर परत यायलाही त्याला पत्ता लागतो.

पोस्टकार्ड ५० पैशांचं, आंतर्देशीय २ रुपये ५० पैशांचं. पोस्टकार्ड वाटेत कुणीही वाचतं, म्हणून मी आंतर्देशीयच वापरलं. त्याची जागा मोजकी, त्यामुळे 'काय लिहू, किती लिहू' असं होत नाही. अर्ध्या तासात पान भरतं. फक्त त्याच्या आत काही ठेवायचं नसतं, तसं त्यावर छापलेलंच असतं. फोटो पाठवायचा तर ५ रुपयांचं साधं पाकीट घ्या. वकिलाचे कागद किंवा महत्त्वाचं काही असेल तर स्पीड पोस्ट करा. रजिस्टर पोस्ट वेगळं मागू नका, ते २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालंय. आणि ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' दिसलं म्हणजे पत्र जेलच्या ऑफिसात पोचलं. ते त्याच्या हातात पडायला आणखी दिवस लागतात.

पत्र उघडलं जातं आणि वाचलं जातं. हे मनात पक्कं धरूनच लिहा. तपासणाऱ्याला सहज वाचता येईल असं मराठी किंवा हिंदी, सुटं, स्वच्छ अक्षर. घाईत गिचमिड लिहिलेलं पत्र तपासायला बाजूला पडतं. पिना, सेलोटेप, चमकीचं ग्रीटिंग, लॅमिनेट केलेला फोटो, स्टिकर यातलं काही नको. नोट तर कधीच नाही. फोटोच्या मागे त्याचं नाव, क्रमांक आणि फोटोत कोण आहे ते पेनाने लिहा, म्हणजे पत्रापासून सुटा झाला तरी हरवत नाही.

केसबद्दल अवाक्षर नको. कोण साक्षीदार, कोण काय बोललं, त्या दिवशी काय झालं, कुणाशी काय बोलणं चाललंय, हे पत्रातही नको आणि फोनवरही नको. ते वकिलाशी बोलायचं. रागाच्या भरात समोरच्या पार्टीबद्दल लिहिलेली एक ओळ उद्या तुमच्याच माणसाच्या अंगाशी येऊ शकते.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट : प्रत्येक पत्रावर नंबर आणि तारीख घाला. 'पत्र १४. तुझं ९ नंबरचं मिळालं.' त्यालाही तसंच करायला सांगा. आतली-बाहेरची पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडतात. तुम्ही विचारलेल्याचं उत्तर तिसऱ्याच पत्रात येतं आणि मधल्या काळात गैरसमज होतात. वहिनीचं आणि दादाचं असंच एकदा झालं. तिने 'माहेरी जाते आहे' लिहिलेलं पोचलं, पण 'चार दिवसांत परत येईन' लिहिलेलं पोचलं नव्हतं. दहा दिवस तो जेवलाच नाही धड. नंबर घालायला लागल्यावर कोणतं मधलं पत्र राहिलंय हे त्याला कळायचं आणि तो थांबायचा. वहीत एका बाजूला पाठवलेल्यांचे नंबर, दुसऱ्या बाजूला आलेल्यांचे. दोन-तीन सलग पत्रं पोचली नाहीत तर मुलाखतीला गेल्यावर खिडकीवर विचारा. तेवढ्याने झालं नाही तर तारखा-नंबरांसह अधीक्षकांच्या नावे अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. विधी सेवा प्राधिकरणाचे वकील आणि पॅरालीगल स्वयंसेवक जेलमध्ये जातात, त्यांच्याही कानावर घाला.

अर्ज देताना हात थरथरू देऊ नका. घरच्यांशी भेट आणि संपर्क हा कैद्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या फ्रान्सिस कोराली मुलीन खटल्यात सांगितलंय. त्याच्याही आधी आपल्या महाराष्ट्रातलंच एक प्रकरण आहे. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे मुंबईच्या कारागृहात स्थानबद्ध होते. तिथे बसून त्यांनी मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. ते हस्तलिखित छापायला बाहेर पाठवू देईनात, म्हणून ते कोर्टात गेले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्यांच्या बाजूने निकाल लागला. माणूस आत गेला म्हणून त्याचं लिहिणं संपत नाही.

पत्रात लिहायचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. सुरुवातीला माझीही पत्रं अशीच होती : 'आम्ही सगळे ठीक आहोत, तू काळजी करू नकोस, देवावर भरवसा ठेव.' पाच पत्रं अशी गेल्यावर दादाने लिहिलं, "तू मला घरातलं काहीच सांगत नाहीस. मी पाहुणा आहे का?"

त्यानंतर मी आईला समोर बसवून लिहायला लागले. ती भाजी निवडता निवडता बोलायची, मी तिचे शब्द तसेच उतरवायची. "त्याले सांग, कूलर काढला. पंप पाणी फेकूनच नाही राहिला. मागच्या साली त्यानं काय केलं होतं, विचार." मी विचारलं. त्या एप्रिलात नागपूर कसं तापलं होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. अठरा दिवसांनी उत्तर आलं, पूर्ण दीड पान, फक्त कूलरवर. पंपाची जाळी कशी काढायची, खाली साचलेला पांढरा खार लिंबाने कसा घासायचा, वायर कोणत्या बाजूने घ्यायची, ताटीतलं जुनं गवत काढून नवं भरताना तळाशी किती जागा सोडायची, आणि शेवटी अधोरेखित करून : 'आधी प्लग काढा. आईला हात लावू देऊ नका.' कूलर सुरू झाला. आईने ते पान देवघरातल्या डब्यात ठेवलं. त्यानंतरची दादाची सगळी पत्रं वेगळी होती. तो घरात परत आला होता.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते. पत्रात त्याला एक काम द्या. त्याच्यावाचून अडलंय असं खरोखरचं काहीतरी विचारा. गॅसचं पुस्तक कुठे ठेवलंय, पोरीला कोणत्या शाळेत घालायचं, अमक्या काकांचे किती द्यायचेत. आतल्या माणसाला सहानुभूतीपेक्षा त्याची जागा हवी असते.

बाकी, दिसलेलं लिहा. गल्लीत कुणी नवा मजला चढवला. मारबतीच्या मिरवणुकीत यंदा कुणाकुणाचे बडगे, म्हणजे पुतळे, होते. तान्ह्या पोळ्याला दादाच्या पोरीने लाकडी नंदी सजवला आणि त्याचं एक चाक निखळलं. हे शेवटचं मी लिहिलं तेव्हा दादाने पोरीसाठी वेगळा कागद पाठवला : 'बाळा, चाकात खिळा घालण्याआधी त्याला थोडं खोबरेल तेल लाव.' तिने तो शाळेत नेऊन दाखवला.

घरातली भांडणं, पैशाची ओढाताण लपवू नका, पण मीठमसाला लावूनही लिहू नका. तो तिथून काही करू शकत नाही, रात्रभर छताकडे बघत बसतो. अडचण लिहिलीत तर त्यावर तुम्ही काय करताय तेही त्याच पत्रात लिहा. आणि रोज लांबलचक लिहून महिन्याभरात थकण्यापेक्षा आठवड्याला एकच लिहा, वार ठरवून. माझा रविवार होता. बराकीत पत्रं वाटताना आपलं नाव येणार हे ज्याला ठाऊक असतं, त्याचा आठवडा वेगळा जातो.

फोन

जेलमध्ये तुम्ही फोन लावू शकत नाही. फोन आतूनच येतो. त्यासाठी त्याने आत अर्ज करून घरचा आणि वकिलाचा नंबर नोंदवायचा असतो. नंबर कुणाचा, नातं काय, याची खातरजमा झाल्यावरच तो चालू होतो. म्हणून जो नंबर द्याल तो ज्याच्या नावावर सिम आहे त्याच्याच हातात असू द्या. आधी नाण्यांवर चालणारे डबे होते. २०२३ मध्ये येरवड्यापासून स्मार्ट कार्डवर चालणारे फोन सुरू झाले. तिथे आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सहा मिनिटं असं प्रमाण ठरलं. तुमच्या माणसाचे वार कोणते ते त्याच्याकडूनच विचारून घ्या. मकोका, यूएपीएसारख्या संघटित गुन्हेगारी-दहशतवादविरोधी कायद्यांची कलमं असतील तर फोन सहजासहजी मिळत नाही. तिथे वकिलाकरवी कोर्टात अर्ज करावा लागतो.

फोनच्या बाबतीत चुका होतात त्या साध्याच. रिचार्ज संपला की येणारे कॉलही काही दिवसांनी बंद होतात, आणि त्याने घरचा नोंदवलेला एकच नंबर असतो. अनोळखी नंबर आपोआप कापणारं ॲप मोबाइलमध्ये असेल तर ते काढून टाका. नंबर बदलू नका, कारण नव्याची पडताळणी पुन्हा पहिल्यापासून. फोनच्या वारी मोबाइल चार्जिंगला लावून दुसऱ्या खोलीत ठेवू नका.

सहा मिनिटं म्हणजे काहीच नाही. आमच्याकडे फ्रिजवर एक कागद चिकटवलेला असायचा. फोनवर काय सांगायचं ते आठवेल तसं त्यावर लिहायचं. पहिलं मिनिट आईचं, मग पोरीचं, मग वहिनीचं, आणि कामाचं बोलणं मी शेवटी करायची. रडू येतं, येऊ द्या, पण पहिल्याच मिनिटाला रडायला लागलो की फोन त्यातच संपतो आणि दोन्हीकडे दोन दिवस तेच डोक्यात राहतं. 'बरं, वेळ संपत आली, रविवारी पत्र टाकते' असं म्हणून फोन ठेवायची आम्ही सवय लावली. मधेच कट झाला तरी मग रुखरुख राहत नाही. फोन ऐकला जातो, रेकॉर्ड होतो, हे लक्षात असू द्या. दुसऱ्या कुणाला कॉन्फरन्सवर जोडून द्यायच्या फंदात पडू नका. त्यापायी त्याची सुविधाच बंद होऊ शकते.

एक इशारा. दादा आत गेल्याच्या दुसऱ्याच महिन्यात आईला एका माणसाचा फोन आला. "जेलमधून बोलतोय, तुमच्या पोराला मारहाण झाली, दवाखान्यात हलवायला पैसे लागतील, ऑनलाइन टाका." आईने शेजारच्या पोराकडून चार हजार टाकले. दादाला काहीही झालेलं नव्हतं. जेलच्या कामासाठी खासगी मोबाइलवर पैसे मागणारा प्रत्येक फोन खोटाच असतो. कितीही घाबरवलं तरी फोन ठेवा आणि आधी वकिलाला विचारा.

मुलाखत, गेटवरची आणि मोबाइलवरची

नागपुरात भेटीला सगळे मुलाखतच म्हणतात. जेल वर्धा रोडवर आहे. मेट्रोच्या ऑरेंज लाइनने रहाटे कॉलनी किंवा अजनी चौक स्टेशनला उतरा. बाहेरगावाहून रेल्वेने येत असाल आणि गाडी अजनीला थांबत असेल तर तिथूनही जवळ पडतं.

न्यायाधीन बंद्याला साधारण आठवड्यातून एकदा भेटता येतं, शिक्षा झालेल्याला त्याहून कमी वेळा. मूळ ओळखपत्र हवं, झेरॉक्स चालत नाही. सकाळी लवकर नोंदणी करा, कारण दुपारी पोचून परत फिरलेली माणसं मी प्रत्येक वेळी पाहिली. सणासुदीला, सरकारी सुटीला जाण्याआधी चौकशी करा. मोबाइल आत नेता येत नाही, शक्यतो घरीच ठेवा. झडती होते, बायकांची झडती महिला शिपाई घेतात. मे महिन्यात पाण्याची बाटली, दुपट्टा आणि म्हाताऱ्या माणसासाठी काहीतरी खायला सोबत असू द्या. रांगेत उभं राहायला लागतं.

मधे काच असते आणि कानाला रिसीव्हर. आजूबाजूला सगळेच बोलत असतात, त्यामुळे ऐकू कमी येतं. आई पहिल्या वेळी रिसीव्हर धरायचा विसरून काचेशी तोंड नेऊन बोलत राहिली, आणि पलीकडून दादा नुसता मान हलवत होता. तिच्या ओठांवरून त्याला काय कळलं असेल ते त्यालाच ठाऊक. सोबत नेणाऱ्याने म्हाताऱ्या माणसाला हे आधीच समजावून ठेवावं.

कुणासाठीही काहीही आत नेऊ नका. गेटवर एखादा काकुळतीला येऊन म्हणतो, "बहीण, माझ्या भावाले एवढी खर्ऱ्याची पुडी देऊन दे." खर्रा म्हणजे तंबाखूच. मनाई असलेली वस्तू आत नेणं हा गुन्हा आहे, त्याला कैद होऊ शकते. कपडे, चप्पल, औषधं, पुस्तकं द्यायची असतील तर आधीच्या मुलाखतीत काय घेतात ते खिडकीवर विचारून घ्या. चालू असलेल्या औषधांची डॉक्टरची चिठ्ठी मात्र पहिल्याच आठवड्यात जेलच्या दवाखान्यासाठी द्या. बीपी, शुगर, झटके यांचं औषध एक दिवसही चुकू नये.

गडचिरोली, गोंदियाहून येणाऱ्यांचा आख्खा दिवस आणि मजुरी जाते. त्यांच्यासाठी ई-मुलाकात फार मोलाची आहे. सरकारच्या ई-प्रिझन्स पोर्टलवर 'ई-मुलाकात' उघडा. भेटणाऱ्याचं नाव, वडिलांचं नाव, ओळखपत्र, मोबाइल, ईमेल भरा. मग राज्य, कारागृह, बंद्याचं नाव, नातं. प्रत्यक्ष भेट हवी की व्हिडिओवर, ते निवडा. ओटीपी टाकला की नोंदणी क्रमांक मिळतो, तो वहीत लिहा. मंजुरी मिळाली की वेळ आणि लिंक येते. गावात नेटवर्क धरत नसेल तर त्या वेळेला तालुक्याला जाऊन बसा, पण मोबाइल दहा मिनिटं आधी सुरू ठेवा. वेळ हुकली की नवा अर्ज. हे सगळं फुकट आहे. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराने त्याची मजुरी घेतली तर घेऊ दे, पण 'मंजुरी काढून देतो' म्हणून पैसे मागितले तर उठून या.

पैसे

आत त्याच्या नावाचं खातं असतं. त्यात मनीऑर्डर जमा होते आणि त्यातून तो कॅन्टीनमधून साबण, बिस्किटं, चहासाखर घेतो. मनीऑर्डरवर नाव आणि बंदी क्रमांक पत्रासारखाच लिहा. पोस्टाचं कमिशन २० रुपयांना १ रुपया पडतं. दरमहा ठरावीक थोडं पाठवा आणि पावती वहीत चिकटवा. मी पत्रात रक्कम आणि तारीख लिहायची, म्हणजे जमा झाली की नाही ते तो सांगायचा. आत कुणाच्या हाताने पैसे देणं नको, शिपायाच्या नको, सुटून आलेल्या ओळखीच्या पोराच्याही नको.

पोरांना काय सांगायचं

दादाची पोरगी, माझी भाची, तेव्हा पाच वर्षांची होती. आम्ही तिला सांगितलं, बाबा कामासाठी मुंबईला गेलाय. वर्षभराने शाळेत एका मुलाने तिला खरं सांगितलं. ती घरी आली आणि कुणाशी न बोलता तिने बाबाला लिहिलेली, पाठवायची राहिलेली चिठ्ठी फाडून टाकली. तिचा बाबावर राग नव्हता, आमच्यावर होता. दोन महिने ती फोनवर आली नाही.

पोरांना त्यांच्या वयाच्या शब्दांत खरं सांगा. "बाबा एका जागी आहे, तिथून त्याला कोर्टाच्या परवानगीशिवाय बाहेर येता येत नाही. आपण त्याला लिहू शकतो." एवढं पाच वर्षांच्या पोराला पुरतं. चित्रं पाठवू द्या. काचेपलीकडची भेट सगळ्याच पोरांना झेपत नाही, नको म्हणालं तर ओढून नेऊ नका. शिक्षा झालेल्या बंद्यांच्या मुलांसाठी नागपूरच्या कारागृहात गळाभेटीचे कार्यक्रम झाले आहेत. तिथे काच नसते, पोरं मांडीवर बसू शकतात. असा कार्यक्रम आहे का ते मुलाखतीच्या खिडकीवर विचारत राहा. आई आत असेल तर सहा वर्षांपर्यंतचं मूल तिच्याजवळ राहू शकतं. तो निर्णय तिच्याशी बोलून घ्या, तिच्या पाठीमागे नको.

वाईट बातमी

घरात कुणी गेलं तर ती बातमी पत्राने पाठवू नका. पत्र कधी पोचेल ते आपल्या हातात नसतं आणि ती ओळ त्याला गर्दीत उभं राहून वाचावी लागते. त्याच दिवशी वकिलाला कळवा आणि जेलच्या ऑफिसात जाऊन अधिकाऱ्यांना सांगा. त्यांनी बोलावून सांगितलं तर निदान जवळ कुणी असतं. शिक्षा झालेल्या बंद्याला जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूनंतर अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल मागता येते. न्यायाधीन असेल तर अंतरिम जामीन किंवा पोलीस बंदोबस्तात अंत्यदर्शनाला नेण्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागतो. मृत्यूचा दाखला हातात यायला वेळ लागतो, तोवर दवाखान्याची किंवा ग्रामपंचायतीची चिठ्ठी चालेल का ते वकिलाला विचारा. इथे तासांचा हिशोब असतो, म्हणून घरातल्या एकाने रडणं बाजूला ठेवून हेच काम करावं.

बदली झाली तर

एक दिवस पत्र परत येतं. माझं बत्तीस नंबरचं आलं होतं, वर लाल पेनाने 'बदली' लिहिलेलं. दादाला अमरावतीला हलवलं होतं आणि आम्हाला पत्ताच नव्हता. असं झालं तर घाबरू नका. मुलाखतीच्या खिडकीवर किंवा वकिलाकडे चौकशी केली की कुठे नेलंय ते कळतं. नव्या जागी बंदी क्रमांक नवा मिळतो, फोनचा नंबर पुन्हा नोंदवावा लागतो, मुलाखतीचे वार वेगळे असतात. म्हणजे सगळं पहिल्यापासून. पत्राचा नंबर मात्र पहिल्यापासून नको. मी बत्तीस नंबरचं पत्र तसंच नव्या पाकिटात घातलं, वर अमरावती मध्यवर्ती कारागृहाचा पत्ता लिहिला आणि मागे एक ओळ : 'हे नागपूरला जाऊन आलंय. तेहतीस नंबरचं रविवारी टाकते.'